जीपचा पोळा

बैलजोडी विकून बानं जीप घेतली, तेव्हा अर्ध्या तांड्यानं त्याला येड्यात काढलं आणि उरलेल्या अर्ध्यानं पहिल्याच आठवड्यात डोंगरकडा गावच्या बाजारापर्यंत फुकटात फेरी मारून घेतली. बा म्हणजे माझे वडील. त्याला कुणी टोकलं की तो म्हणायचा, "आपले वाडवडील बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडले. म्या लोखंडाच्या बैलावर माणसं लादून राहिलो. काय बिघडलं?" याचं उत्तर फक्त माझ्या याडीकडं होतं. आमच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. ती म्हणायची, "बैल कडबा खातो आन् शेण देतो. हे डिझेल पितं आन् धूर देतं."

जीप जुनी होती, कुठल्याशा सरकारी हापिसातून लिलावात निघालेली. तिचा रंग कुठला होता हे सांगणं अवघड, कारण बऱ्याच जागी तो राहिलाच नव्हता. हिंगोली नुकतीच जिल्ह्याचं गाव झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्याच सुमाराला बाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. एकदा फाट्यावर त्यानं बाभळीच्या झाडाला हॉर्न दिला, थांबला, पुन्हा दिला, आणि शेवटी "हे म्हसाड हालंना गड्या" असं म्हणाला. मी शेजारी बसले होते. मी म्हटलं, "बा, उतर. झाड हाय ते." तो उतरला, मी त्याच्या जागी बसले आणि तेव्हापासून शिकायला लागले. पुढं रीतसर लायसन काढलं. याडीनं डोक्याला हात लावला. "ड्रायव्हरीण पोरगी कोण करून घेईल गं?" मी म्हटलं, "जो करून घेईल त्याला जन्मभर फुकटात फिरवीन." ती आधी चिडली, मग तोंडाला पदर लावून हसली.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या तांड्यावर शाळा सातवीपर्यंत. आठवीला डोंगरकड्याला जावं लागायचं. मधे नाला, नाल्यावर पूल, आणि त्या पुलावरून कधीमधी एसटी. मी सातवी झाले त्या वर्षी एसटी फाट्यापर्यंतच यायची, फाटा लांब, आणि पोरीला एकटीला कोण पाठवणार? मला शाळेतून कुणी काढलं नाही; न्यायला काही नव्हतं, म्हणून मी राहिले. याचा राग मला आजही येतो. तेव्हा तर तो ताजा होता.

आणि मला लायसन मिळाल्यावरच्या पावसाळ्यात पूल खचला. एसटी बंद झाली. आठवीत नाव घातलेल्या सात-आठ पोरी घरी बसल्या. पोरं काय, विजारी वर करून नाला ओलांडून जायची. पोरी बसल्या त्या बसल्याच. कुणी भाकरी थापायला लागली, कुणी शेतात निंदायला जायला लागली. हेडमास्तरांनी निरोप धाडला होता की पोळ्याची सुट्टी झाली की या, न्हाईतर वरीस गेलं समजा. मी ठरवलं की आपण न्यायच्या. जीप नाल्यातून जाते, पाणी फार तर चाकाच्या मध्यापर्यंत असतं. मी घरोघरी फिरले. सगळ्यांनी एकच सांगितलं, "नाईक म्हणल तसं."

नाईक म्हणजे आमच्या तांड्याचा म्हातारा प्रमुख. त्याची नातही त्या पोरींमधलीच. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाला, "परका ड्रायव्हर असता तर पाठवलीच नसती. तू हायेस म्हणून हो म्हणून राहिलो. पण बाई, तुझी गाडी नाल्यात बंद पडते. धक्का मारल्याबिगर चालू होत न्हाई. आमच्या पोरी शाळंत जायच्या का पाण्यात उतरून गाडी ढकलायला? चावीवर चालू होत असंल तर ने. न्हाईतर न्हाई."

नाईकाचं म्हणणं खरंच होतं. स्टार्टर पार झिजला होता, चावी फिरवली की नुसता खर्रर्र आवाज करून गप्प बसायचा. आमची गाडी म्हणजे उतारावर उभी करायची आणि उतारावरच चालू करायची. नाल्यात उतार कुठला आणायचा?

डोंगरकड्याच्या रस्त्याला लिंबाखाली एक चाचा बसायचे. स्टार्टर, डायनामो दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं तेच सांगायचे. पोळ्याला चार-सहा दिवस असताना ते सायकलवर आमच्याकडं आले. आधी बॅटरीच्या तारा खोलल्या. "बेटी, पहले तार खोलनी, फिर लोहे को हात लगाना," असं मला शिकवलं. बॅटरीतून दोन जाड तारा निघतात. एक स्टार्टरकडं जाते. दुसरी, चपटी, वेणीसारखी विणलेली, थेट गाडीच्या सांगाड्याला बोल्टानं आवळलेली असते. तिला अर्थिंगमधली 'अर्थ' म्हणतात. करंट पहिल्या तारेनं जातो आणि सगळ्या लोखंडातून फिरून दुसरीनं घरी येतो. चाचांनी अर्थचाही बोल्ट काढून ठेवला, कारण ती तार स्टार्टरच्या आडवी येत होती. मग स्टार्टर पोत्यात गुंडाळून सायकलला बांधला आणि गेले. "करीच्या दिवशी बराबर बसवून देतो," म्हणाले. कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी शाळा.

आणि मधे आला पोळा.

बैल विकल्यापासून आमच्या घरी पोळा सुना जायचा. याडी मातीची जोडी पाटावर मांडून पूजा करायची, आणि बा अंगणात तोंड फिरवून बसायचा. शेजाऱ्यांच्या बैलांच्या घागरमाळा वाजल्या की त्याचा चेहरा बघवत नसे. त्या वर्षी मात्र पोळ्याच्या आदल्या सांजेला बा हळद-तुपाची वाटी घेऊन निघाला तो थेट जीपकडं. बैलांची खांदमळणी करतात तशी त्यानं जीपच्या दोन्ही मडगार्डांना हळद-तूप चोळलं. मग तोंड जवळ नेऊन म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." हे बैलाच्या कानात म्हणतात. जीपला कान कुठले? त्यानं आरशात सांगितलं. याडी चुलीपासून ओरडली, "अगं बाई, येड लागलं का या माणसाला!" पण तिचा आवाज रडवेला होता, आणि माझंही तसंच झालं. इतक्या वर्षांनी बाच्या हाताला काम मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माळ्यावरचा शिंगांना लावायचा लाल ऑइल पेंट काढला. बॉनेट उघडंच होतं. जुन्या चिंधीनं रॉकेल लावून त्यानं आतलं सगळं लोखंड पुसलं, चकचकीत केलं, आणि मग निवांत, गुणगुणत, एकेक पट्टी, एकेक कोपरा रंगवत बसला. दिसत कमी होतं, म्हणून बोटांनी चाचपून रंग लावत होता. बैलाची शिंगं रंगवताना टोकापर्यंत एक ठिपका सुटू द्यायचा नाही, ही त्याची शिस्त. ती त्यानं इथंही पाळली. वरून बॉनेटला बाशिंग बांधलं, टपावर झूल टाकली, पुरणपोळीचा घास रेडिएटरला लावला. सगळा तांडा बघून गेला. पोरांनी तर पोळा फुटायच्या वेळी जीप ढकलत मारुतीपर्यंत न्यायची तयारी केली होती. बानंच नको म्हटलं. "आज तिला जू न्हाई. आज आराम."

करीच्या दिवशी चाचा आले. बॉनेट बघून म्हणाले, "या अल्ला! ही तर नवरी दिसून राहिली." स्टार्टर त्यांनी झक्क केला होता. जमिनीवर ठेवून त्यांनी सोबत आणलेल्या छोट्या बॅटरीवर फिरवून दाखवला, तर तो गुर्रकन फिरला आणि उडी मारून कोंबडीच्या अंगावर गेला. मग बसवला. तारा जोडल्या, बोल्ट आवळले. बा शेजारी हात मागं बांधून उभा. मी चावी लावली. समोरचा लाल दिवा लागला, जरा मंद होता, पण लागला. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली.

टक.

एवढंच. लाल दिवा गेला. हेडलाइट लावून बघितले, गेलेले. हॉर्न दाबला, मेलेला. आधी निदान खर्रर्र तरी करायची. आता गाडीत जीवच नव्हता. जरा वेळानं दिवा पुन्हा मिणमिणला. पुन्हा चावी फिरवली. पुन्हा टक, आणि पुन्हा सगळं ठार.

माझं डोकं तव्यासारखं तापलं. "चाचा, काय करून ठेवलं हो? बरी होती ती मारून टाकली!"

चाचांचंही नाक लाल झालं. "मेरा काम बराबर है. आत्ता तुझ्या डोळ्यासमोर फिरवून दाखवला ना?"

"मंग गाडीत गेल्यावर काहून फिरंना? गाडी दिसली की लाजून राहिला का?"

"बॅटरी बसलेली असंल!"

"तारा खोलल्या तोवर चालली की बॅटरी! नाचता येईना अंगण वाकडं!"

बा मधे पडला. शेजारच्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली. ती ताजी, चांगली. जोडली. टक आणि ठार. मग चाचांनी स्टार्टर पुन्हा खोलला, जमिनीवर ठेवून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फिरवला. गुर्र. गाडीत बसवला. टक. स्टार्टर चांगला, बॅटरी चांगली, आणि दोघांना एकत्र आणलं की गाडी मेली. असा संसार मी फक्त माणसांत बघितला होता.

दुपार कलली. नाईकाच्या अंगणातून त्याची नात दोनदा येऊन बघून गेली. काही विचारलं नाही. नुसती आली, बॉनेटकडं बघितलं आणि गेली. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. उद्या सकाळी ही पोरगी निंदायला जाणार, आणि परवाही, आणि मग तिला सवय होणार. मला झाली होती तशी.

याडीनं चहा आणला. चाचा म्हणाले नको. याडी म्हणाली, "भांडण गाडीशी हाय, चहाशी न्हाई." मग त्यांनी घेतला. मीही घेतला. कप खाली ठेवून चाचा म्हणाले, "बेटी, गुस्सा बाजूला ठेव. करंट पाण्यासारखा. पाट कुठं फुटला ते बघावं लागतं. तू धर, मी बघतो."

त्यांनी पिशवीतून हेडलाइटचा एक जुना बल्ब काढला, त्याला दोन तारा जोडल्या. एक टोक बॅटरीच्या प्लसला लावून ठेवलं. दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "मायनसला लाव." मी बॅटरीच्या मायनसला टेकवलं. बल्ब असा पेटला की डोळे दिपले. "आता गाडीच्या लोखंडाला लाव." मी सांगाड्याला टेकवलं. काहीच नाही. "खरवड, रंग हाय तिथं." मी टोकानं रंग खरवडून टेकवलं, तर बल्ब रॉकेल संपत आलेल्या चिमणीइतका तांबूस लागला. चाचा पुढं सरकले. "फिरसे."

मायनसला लखलखीत. लोखंडाला तांबूस. म्हणजे घरी यायची वाट कुठंतरी तुंबली होती. मी त्या चपट्या तारेवरून टोक सरकवत सरकवत खाली नेलं. वर लखलखीत, मधे लखलखीत, पार शेवटी, सांगाड्याला आवळलेल्या तिच्या कडीपर्यंत लखलखीत. आणि कडीपासून बोटभर बाजूला, सांगाड्यावर, तांबूस. मी पुन्हा केलं. कडीवर उजेड, बोटभर अंतरावर अंधार. मधे काय होतं? मी वाकून बघितलं. मधे काहीच नव्हतं, फक्त लाल रंग होता.

"चाचा," मी म्हटलं, आणि माझा आवाजच बदलला. "बोल्ट काढा."

त्यांनी बोल्ट काढला, कडी उचलली. खाली सांगाड्यावर बैलाच्या शिंगासारखा गुळगुळीत, तुकतुकीत लाल थर. बोल्टाच्या भोकाच्या आतपर्यंत बानं बोट घालून रंग लावला होता. एक ठिपका सुटू दिला नव्हता. ती कडी रंगावर बसली होती, लोखंडाला भिडलीच नव्हती. बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम पाझरायचा तेवढ्यावर दिवा मिणमिणत होता, आणि स्टार्टरनं मोठा घोट मागितला की सगळं आटत होतं. सकाळपासून आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "मीच बसवली ना कडी. मी म्हणलं, सजावट हाय, राहू दे."

बा सगळं ऐकत होता. त्यानं हात पुढं करून ती जागा चाचपली. मग हळू म्हणाला, "म्हंजे म्याच मारली व्हय तिला."

एरवी मी कुणाला सोडत नाही. पण त्याच्या नखांत अजून तो लाल रंग होता, आणि काल किती वर्षांनी तो गुणगुणला होता.

चाचाच म्हणाले, "मारली न्हाई भाई. जादा नटवली. नवरीच्या डोळ्यावर बाशिंग आलं, तिला वाट दिसंना."

याडी दारातून म्हणाली, "अति तिथं माती, म्या म्हणलं व्हतं." ती असं काही म्हणाली नव्हती. पण त्यावर बा हसला, आणि मला रडू फुटलं. चिडून रडत नव्हते मी. गाडी मेली नव्हती, एवढ्यानंच रडू येत होतं.

बा आत गेला आणि शिंगं साळायची जुनी सुरी घेऊन आला. पोळ्याच्या आधी बैलांची शिंगं साळून गुळगुळीत करतात, त्याची. चाचांनी हात पुढं केला, तर दिली नाही. स्वतः वाकला. डाव्या अंगठ्यानं जागा चाचपत, उजव्या हातानं रंग खरवडत राहिला. लाल सालपटं चिखलात पडत होती. "चमक आली का सांग, माय," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "थोडी आली." तो खरवडत राहिला. "आता?" "भोकाच्या कडंला हाय अजून." "आता?" आत स्वच्छ पांढरं लोखंड दिसत होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. मी म्हटलं, "आली, बा. लई चमकून राहिली." त्याला ती दिसत नव्हती, पण तो त्या दिशेनं बराच वेळ बघत होता. पुढं डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावरही प्रत्येक पोळ्याला तो जीप रंगवायचा, आणि तेवढी जागा न विसरता सोडायचा. लहान लेकरांना हात धरून दाखवायचा, "हितं रंग न्हाई लावायचा. हितून जीव जातो-येतो."

कडी बसवली. बोल्ट आवळला. मी चावी फिरवली आणि गाडी अशी दणक्यात चालू झाली की बाशिंगाचे कागद उडाले. चाचा माझ्याकडं न बघता हत्यारं पुसत म्हणाले, "नाचता येतं ना मला?" मी कान धरले. याडीनं त्यांच्या डब्यात पुरणपोळ्या भरल्या. नाईकाची नात कुठून आली कुणास ठाऊक, मडगार्डला टेकून उभी होती आणि तिच्या फ्रॉकला हळद-तूप लागलं होतं.

सकाळी पोरी दप्तरं घेऊन हजर. वेण्या घट्ट, तोंडं धुतलेली. आणि पुढच्या सीटवर, मी काही म्हणायच्या आत, पागोटं सावरत नाईक येऊन बसला. "म्या बी येतो," म्हणाला. बा आमच्यासोबत नाल्यापर्यंत चालत आला आणि काठावर थांबला.

मी जीप पाण्यात घातली. गोटे, गढूळ पाणी, चाकाच्या मध्यापर्यंत. बरोबर मधे पोचलो आणि नाईकानं हात वर केला. "थांब. बंद कर."

"इथं?"

"इथंच. बंद पडायची जागा हीच हाय ना?"

मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला! पण त्याचं खोटं नव्हतं. मी डिझेल बंद करायचा दट्ट्या ओढला. इंजिन गप्प झालं. एकदम पाण्याचा आवाज मोठा झाला. मागं नाईकाच्या नातीनं दप्तर पोटाशी धरलं. मी काठाकडं बघितलं. बाला आम्ही दिसत नव्हतो, पण त्यानं कान आमच्याकडं केला होता. मी चावी धरली. कालचा तो टक माझ्या मनगटात अजून बसला होता. मी डोळे मिटले आणि फिरवली.

गुर्रर्र करून जीप चालू झाली. मागं सगळ्या पोरी एकदम ओरडल्या. काठावर बानं डोक्यावरचा पटका काढून हवेत हलवला, चुकीच्या दिशेनं, झाडाकडं तोंड करून. नाईक समोर बघत बसला होता. मी गिअर टाकायचं विसरून त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"आता काहून थांबलीस?" तो म्हणाला. "चल की. लेकरायला उशीर होऊन राहिला."